पेल्यावरचा हात

रविवारी सकाळी बेकरीसमोरच्या रांगेत उभं राहण्यात सुख असतं, असं नेस्तानला कोणी जॉर्जियात सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. तिच्या तरुणपणी कुटाइसीत पावासाठी रांगा लागायच्या त्या अंधारात, कुडकुडत, एकमेकांना शिव्या घालत. इथे लाइपझिगमध्ये रांगेत माणसं काखेत वर्तमानपत्र धरून उभी असतात, कुत्री खांबाला बांधलेली असतात, आतून गरम पावाचा वास येत असतो आणि कुणालाही कसली घाई नसते. आणि मागून गेर्लिंडेचं कोपर बरगडीत बसतं.

"खसखशीचे दोन पाव सांग. आणि खालच्या टोपलीतले देऊ नका म्हणावं, ते मघाचे आहेत."

"तूच सांग की."

"मी सांगितलं तर ती पोरगी मुद्दाम खालचेच देते. तुझ्याशी ती गोड बोलते. माझ्याशी कोण गोड बोलतंय?"

यात खोटं काही नव्हतं. गेर्लिंडे नौमान ही बाई तोंडानं इतकी तिखट होती की आमच्या गल्लीतले पोस्टमनसुद्धा तिची पार्सलं शेजाऱ्यांकडे टाकून पळायचे. ती तळमजल्यावर राहायची. नेस्तान दुसऱ्या मजल्यावर, आणि नेस्तानचं कपडे बेतून देण्याचं दुकान कोपऱ्यावर. नवरा वारल्यावर मावसबहिणीच्या मागोमाग नेस्तान या शहरात आली, तेव्हा तिला इथली भाषा येत नव्हती आणि इथलं पाणीसुद्धा परकं लागत होतं. तिचं दुकान नवंनवं होतं तेव्हा एक दिवस गेर्लिंडे एक जाड पुरुषी ओव्हरकोट घेऊन आली आणि टेबलावर आपटून म्हणाली, "हा माझ्या मापाचा करून द्या. कोट चांगला आहे. माणूस गेला म्हणून कोटानं का जावं?"

नेस्तानच्या कपाटात तिच्या नवऱ्याचा कोट घडी घालून ठेवलेला होता. तो ती वासासाठी उघडायची आणि रडायची. ती त्या बाईकडे बघतच राहिली. कोट तिनं असा बेतला की गेर्लिंडे त्यात एखाद्या कर्नलसारखी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात आलुबुखारानं भरलेली बादली होती, आणि तिथून सगळं सुरू झालं.

या शहरातली सुखं नेस्तानला गेर्लिंडेनं एकेक करून हातात दिली. कालव्याकाठच्या कोणत्या पायरीवर बसलं की संध्याकाळचं ऊन सगळ्यात शेवटपर्यंत पायांवर राहतं, हे तिनं दाखवलं. तळ्यात पोहायला जायचं ते पावसानंतर, कारण तेव्हा गर्दी घरी बसते. जूनमध्ये रस्त्याकडेच्या लाकडी टपरीवर स्ट्रॉबेरी घ्यायची आणि घरी न्यायची नाही, चालता चालता संपवायची. आणि रविवारी दुपारी बागेत जायचं. गावाच्या कडेला रेल्वेच्या रुळांपलीकडे शंभरेक छोट्या बागा एकमेकींना चिकटून आहेत, तिथे गेर्लिंडेची एक बाग होती. एक लाकडी खोली, आलुबुखाराचं झाड, गुलाब, बटाट्याचे दोन वाफे, आणि कुंपणापलीकडे उलिग नावाचा निवृत्त ट्रामचालक, ज्याच्याशी कुंपणाच्या उंचीवरून तिचं वर्षानुवर्षं भांडण चालू होतं.

इथे मोठ्या माणसानं आपणहून म्हटल्याशिवाय धाकट्यानं त्याला नावानं हाक मारायची नसते. गेर्लिंडेनं ते दुसऱ्याच उन्हाळ्यात केलं. मातीनं भरलेला हात पुढे केला आणि म्हणाली, "मी गेर्लिंडे. आता ते फ्राउ नौमान, फ्राउ नौमान बंद कर. मला कचेरीत बसल्यासारखं वाटतं." त्या दिवसापासून नेस्तानला या शहरात अगंतुगं करणारं एक माणूस मिळालं. ज्याला परक्या गावात असं माणूस मिळालेलं नाही त्याला ही काय चीज आहे ते सांगून कळणार नाही.

सप्टेंबरातल्या त्या रविवारीही त्या दोघी बागेत बसल्या होत्या. आलुबुखाराचा केक होता, गांधीलमाश्या होत्या, आणि दुपारची शांततेची वेळ होती, म्हणजे गवत कापायचं नाही, ठोकाठोक करायची नाही, फार तर कुजबुजायचं. नेस्तानने पिशवीतून प्लॅस्टिकची पाण्याची मोठी बाटली काढली. आत मधाच्या रंगाची वाइन होती. तिचा भाऊ ओतार गावाकडे घरची द्राक्षं जमिनीत पुरलेल्या रांजणात मुरवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवायचा. गेर्लिंडेनं ती बाटली पहिल्यांदा पाहिली होती तेव्हा विचारलं होतं, "हे प्यायचं आहे की मोटारीत घालायचं?" आता ती स्वतःच विचारायची, भावाचं आलं का काही म्हणून.

नेस्तानने दोन पेले भरले आणि उभी राहिली.

"उभी कशाला राहिलीस? बस. केकवर माश्या बसतायत."

"येत्या रविवारी तू ऐंशीची होणार. मी मंगळवारी गावी निघाले, शनिवारी बाइयाचं लग्न. भाचीचं लग्न सोडून कशी येऊ? म्हणून आजच म्हटलं..."

गेर्लिंडेचा हात झटकन पेल्यावर आला. रुंद, नखांत माती असलेला हात. पेला पार झाकला गेला.

"नाही."

"काय नाही?"

"आधी नाही. आदल्या दिवशीसुद्धा नाही. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत नसतात. इतकी वर्षं इथे काढलीस आणि एवढं माहीत नाही तुला?"

नेस्तानला माहीत होतं. आमच्या या गावात देवाला फारसं कोणी विचारत नाही, चर्चमध्ये लोक जातात ते गाणं ऐकायला. पण वाढदिवसाच्या आधी कुणी शुभेच्छा दिल्या तर डॉक्टर असो की प्राध्यापक असो, अंगावर पाल पडल्यासारखा मागे सरकतो. माणूस त्या दिवसापर्यंत पोचेलच असं गृहीत धरलं की तो पोचत नाही, असं मानतात. नेस्तानला हे माहीत होतं आणि ते तिला भारी हास्यास्पद वाटायचं.

"उशिरा दे," गेर्लिंडे म्हणाली. "परत आलीस की दे, नाताळात दे. उशिरा चालतं, आधी चालत नाही."

"अगं, आमच्याकडे चांगला शब्द राखून ठेवत नाहीत. चांगल्या शब्दानं कुणाचं वाईट होतं का कधी?"

"नेस्तान, पेला खाली ठेव."

आता जॉर्जियाची बाई, हातात भरलेला पेला, उभी राहिलेली, आणि तोंडाशी आलेले शब्द. तिच्या माहेरी जेवणाच्या पंगतीला तमादा असतो, तो एकेक प्याला उचलून जिवंतांसाठी, मेलेल्यांसाठी, जन्मायच्या असलेल्यांसाठीसुद्धा बोलतो, आणि बोलल्याशिवाय घोट घेणं म्हणजे जनावरानं पाणी पिणं. तिचा बाप तमादा होता. अशी बाई न बोलता खाली बसेल? ती बोलली.

"गेर्लिंडे, मी इथे आले तेव्हा मला इथलं पाणीसुद्धा परकं लागत होतं. तू मला पाव कुठला घ्यायचा ते शिकवलंस. गुलाब कुठे छाटायचा ते शिकवलंस. गेलेल्या माणसाचा कोट घालून ताठ कसं चालायचं ते शिकवलंस. ऐंशी मला पुरायची नाहीत. तू शंभराची हो. शंभराव्या वर्षीही त्या उलिगशी कुंपणावरून भांड, आणि मी इथेच बसून तुझा केक खाईन."

आणि तिनं पेला एका दमात रिकामा केला. कुंपणापलीकडून उलिगचा आवाज आला, "अरे देवा!" गेर्लिंडेनं हात पेल्यावरून काढलाच नाही.

"झालं तुझं?" ती म्हणाली आणि बशा गोळा करायला लागली.

एरवी दोघी बरोबर घरी यायच्या. त्या दिवशी गेर्लिंडे म्हणाली, "तू हो पुढे, मला पाणी घालायचंय." मंगळवारी पहाटे बॅग घेऊन उतरताना नेस्तानने तळमजल्याचं दार वाजवलं. आत रेडिओ चालू होता. पुन्हा वाजवलं. रेडिओ चालूच राहिला, दार उघडलं नाही. "जाते गं," असं तिनं दाराला सांगितलं, आणि मनात म्हणाली, म्हातारी रुसलीय. द्राक्षाच्या रसात बुडवलेली आक्रोडाची माळ आणीन, तिची समजूत पटेल.

गावी पोचल्यावर तिनं फोन केले. गुरुवारी दुपारी तर कितीतरी वेळ केला. तो वाजायचा आणि थांबायचा. लग्नाच्या घरात कोंबड्या सोलत, टेबलं मांडत, आत्याबाई आत्याबाई करत सगळे तिच्या मागे होते, आणि तिचं लक्ष एप्रनच्या खिशातल्या फोनकडे होतं. शनिवारी सकाळी तो वाजला. नाव गेर्लिंडेचं होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"अगं म्हातारे, राग गेला का?" ती हसून म्हणाली.

पलीकडे गेर्लिंडेची मुलगी हाइके होती. कासेलला राहणारी, आईच्या फोनवरून बोलणारी. आई काल सकाळी स्वयंपाकघरात पडली, म्हणाली. काही कामानं घरी आलेल्या उलिगनं रुग्णवाहिका बोलावली, पण ती येईपर्यंत सगळं संपलं होतं.

काल म्हणजे शुक्रवारी. रविवारी ती ऐंशीची होणार होती.

नेस्तान अंगणात, सोललेल्या कोंबड्यांच्या घमेल्याशेजारी जमिनीवर बसली. लग्नघरात कुणाला तिनं काही सांगितलं नाही. शुभकार्यात कसं सांगणार? दुपारी पंगत बसली, प्याले उठायला लागले, आणि तमादानं मोठ्यानं पुकारलं की आता नवरीची आत्या, आमच्या थोर तमादाची लेक, बोलेल. नेस्तान उभी राहिली. समोर बाइया, पांढऱ्या कपड्यांत, तोंड वर करून आशीर्वादाची वाट पाहत. सुखी राहा, एवढंच म्हणायचं होतं. नेस्तानच्या तोंडून शब्द फुटेना. आपण जे म्हणू त्याचं उलटं झालं तर? तिनं पेला ओठाला लावला, डोळे पुसले आणि बसली. लोकांना वाटलं, आनंदानं कंठ दाटला. ओतारला मात्र ते लागलं. "एवढे पैसे खर्चून आलीस," तो नंतर म्हणाला, "आणि माझ्या पोरीसाठी तुझ्याकडे दोन शब्द नव्हते?"

परत आली तेव्हा तळमजल्याच्या दारावरची नौमान ही पाटी तशीच होती. रेडिओ नव्हता.

त्यानंतर ती रविवारी बेकरीत गेली नाही. कालव्याच्या पायरीवर एकदा जाऊन बसली, ऊन पायांवर आलं, आणि तिला ते सोसेना म्हणून उठून आली. शहर तेच होतं. ट्राम वेळेवर येत होत्या, पावाचा वास गल्लीभर पसरत होता, तळ्याचं पाणी निळंच होतं. पण ही सगळी सुखं कुणीतरी "चल गं" म्हटल्यावर सुरू होणारी होती, आणि म्हणणारं माणूस नेस्तानने आपल्या तोंडानं घालवलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं, आणि कुणाला विचारायची तिची छाती नव्हती. दुकानात एक तरुण आई फ्रॉक घ्यायला आली आणि म्हणाली, उद्या हिचा वाढदिवस, सहा वर्षांची होणार. तिनं फ्रॉक कागदात गुंडाळला आणि पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. कुणी शिंकलं तरी ती "बरे व्हा" म्हणेना. जिच्या जिभेवर लहानपणापासून आशीर्वाद नाचत होते ती बाई आपल्याच जिभेला भिऊन राहायला लागली.

इकडे माणूस गेल्यावर अस्थिकलश पुरायला कधीकधी महिना लागतो. ऑक्टोबरात तो दिवस ठरला. दफनभूमीत चारच माणसं, पाचवी नेस्तान. नंतरची कॉफी हाइकेनं हॉटेलात न ठेवता बागेत ठेवली. पुढच्या आठवड्यात बाग त्या बागा भाड्यानं देणाऱ्या संस्थेच्या ताब्यात द्यायची होती, नाव लावून वर्षानुवर्षं थांबलेलं कुणी तरुण जोडपं ती घेणार होतं. झाडाखाली शेवटची आलुबुखारं सडून पडली होती. टेबलाभोवती हाइके, तिचा नवरा, उलिग आणि त्याची बायको बसले होते. केक बेकरीतला होता.

नेस्तानने केकला हात लावला नाही. तिला आता राहवेना.

"हाइके, मला तुला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "मी तिला आधीच शुभेच्छा दिल्या होत्या. इथेच. ती नको म्हणत होती. तिनं पेल्यावर हात ठेवला होता, तरी मी दिल्या."

हाइकेनं कप खाली ठेवला. "मला माहीत आहे. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला होता. इतकी चिडली होती! या बाईनं इथे जन्म काढला आणि तरी हिला एवढी साधी गोष्ट कळत नाही, म्हणाली."

नेस्तानने मान खाली घातली. हेच ऐकायला तिनं इतके दिवस स्वतःला तयार केलं होतं.

"आईचं हृदय दोन वर्षं कुरकुरत होतं," हाइके म्हणाली. "डॉक्टरनं कुदळ बंद करायला सांगितली होती. तुला सांगू नको म्हणाली. सांगितलं तर तू तिला बागेत पायही टाकू देणार नाहीस, म्हणून."

"पण ती माझ्यावर रागावून गेली. दार उघडलं नाही तिनं."

तेव्हा उलिगनं घसा खाकरला. हा माणूस जन्मभर ट्रामच्या काचेआड बसलेला, "चालकाशी बोलू नये" या पाटीखाली. बोलायचं म्हणजे त्याला संकट.

"रागावून नाही गेली," तो म्हणाला. "ती गुरुवारी इथे आली होती. दुपारी."

"गुरुवारी दुपारी?" नेस्तान म्हणाली. "मी फोन करत होते."

"फोन घरी ठेवून यायची ती. मला कुंपणावरून हाक मारली. मला वाटलं आली भांडायला. तर म्हणाली, उलिग, इकडे ये, पेला घेऊन ये. ती तुझी प्लॅस्टिकची बाटली तिनं आतल्या खोलीत ठेवलेली होती. मी म्हटलं, गेर्लिंडे, अजून रविवार आला नाही. तर मला म्हणाली, गप बस आणि ओत. ती बया तिकडे तोंड पाडून बसली असेल लग्नघरी. दार नाही उघडलं मी तिला, ते बरं नाही केलं."

उलिगच्या बायकोनं त्याच्या हातावर हात ठेवला. तो टेबलाकडे बघत पुढे बोलला.

"मग म्हणाली, या गावात जो भेटतो तो मला विचारतो, बाग कधी सोडणार. तूसुद्धा विचारतोस. माझ्यासाठी शंभर वर्षं कुणी मागितली? तिनं मागितली. तेव्हा पी. मला डोळ्यांत बघून पेल्याला पेला वाजवायला लावला. सगळा प्यायली. आणि तू काय काय बोलली होतीस ते आठवायला लागली. पावाचं आठवलं, कोटाचं आठवलं. पुढचं काही तिला आठवेना. म्हणाली, जाऊ दे, ती आली की परत म्हणायला लावीन."

रुळांवरून मालगाडी गेली, तिचे सगळे डबे जाईपर्यंत नेस्तान रडत होती. लाजेनं नव्हे आणि भीतीनंही नव्हे. साधं रडू, जे त्या शनिवारी घमेल्याशेजारी यायला हवं होतं आणि आलं नव्हतं.

मग तिनं पिशवीतून पाव काढला आणि ओतारनं परतताना दिलेली बाटली काढली. सगळ्यांचे पेले भरले. आतल्या खोलीत जाऊन तिनं गेर्लिंडेचा पेला आणला, काठाला टवका उडालेला, तो तिच्या नेहमीच्या जागेसमोर ठेवला आणि तोही भरला. पावाच्या तुकड्यावर, तिच्या गावी गेलेल्या माणसासाठी ओततात तशी, थोडी वाइन ओतली. उलिगनं सवयीनं पेला वाजवायला पुढे केला.

"नाही, उलिग," ती म्हणाली. "गेलेल्यांसाठी वाजवायचा नसतो."

ती उभी राहिली.

"गेर्लिंडे, मी इथे आले तेव्हा मला इथलं पाणीसुद्धा परकं लागत होतं. तू मला पाव कुठला घ्यायचा ते शिकवलंस. गुलाब कुठे छाटायचा ते शिकवलंस, हे तुला आठवलं नाही. गेलेल्या माणसाचा कोट घालून ताठ कसं चालायचं ते शिकवलंस. ऐंशी मला पुरायची नाहीत. तू..."

ती थांबली. समोरच्या पेल्यात मधाच्या रंगाची वाइन काठापर्यंत भरलेली होती, वर ऊन पडलं होतं, एक गांधीलमाशी काठावर फिरत होती. सगळे पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. नेस्तान वाट पाहत होती ती त्या मातीनं भरलेल्या नखांच्या हाताची.

पेला उघडाच राहिला.

"तू शंभराची हो," ती म्हणाली.